अंशतः मंजूर

गोपालकाकांनी मारुतीला रोडगे बोलले होते आणि नवस फेडायचा दिवस नेमका निकालाचाच धरला होता. आधी देव पावतो, मग माणूस पंगत घालतो, ही आपल्याकडची रीत. पण काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. काम व्हायच्या आधीच व्यवस्था लावली की साहेब खूश राहतो, हा नोकरीतला अनुभव त्यांनी मारुतीलाही लावून टाकला.

"आज नागपूरले निकाल, आज जावई सुटणार, आज मळ्यात पंगत," असं त्यांनी सगळ्यांना फोनवर कळवलं. सुटणार होता तो चंदन, त्यांच्या धाकट्या बहिणीचा, साधनाचा नवरा. अकोल्याच्या सेशन कोर्टानं बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला दहा वर्षं दिली होती आणि दोन वर्षांपासून तो अमरावतीच्या जेलात होता. ज्या पोरीच्या साक्षीवर ही शिक्षा झाली ती मंजुषा. काकांच्या सख्ख्या थोरल्या भावाची मुलगी. काकांनी पंगतीचं आमंत्रण तिलाही दिलं होतं.

"ये व बाई. झालं ते झालं. आता हायकोर्टच सोडून राहिलं, तं आपन काहून मनात ठेवाव?"

"हायकोर्टानं सोडलं?" मंजुषानं विचारलं.

"सोडन ना आज."

मंजुषा आली. अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये ती जीवशास्त्र शिकवायची. सकाळची बॅच आटोपून परतवाडा रोडवरच्या मळ्यात तिची स्कूटी थांबली, तेव्हा रोडगे भाजायला पेटवलेल्या गोवऱ्यांचा जाळ बसून लालबुंद आर झाला होता. नीलमनं तिला पहाटेच नागपूरहून फोन केला होता. नीलम म्हणजे तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, आता हायकोर्टात वकिली करणारी. "कशाले जाऊन राहिली त्या जत्रेत?" ती म्हणाली होती.

"तोंडं पाहाले. सुटला तं त्यायची पाहीन, नाही सुटला तरी त्यायचीच पाहीन."

हे बोलताना तिचा आवाज ठणठणीत होता. पण नंतर बॅचमध्ये फळ्यावर पेशीची आकृती काढताना ती केंद्रक काढायलाच विसरली आणि पोरं हसली.

मळ्यात झेंडूच्या वाफ्यांशेजारी सतरंज्या अंथरल्या होत्या. तिची आई पार्बताबाई कणकेचे गोळे वळत होती. बाबा, म्हणजे भगवंत, बार्शीटाकळीहून वांग्याचं पोतं घेऊन आले होते. ते आता भाजी शिजत होती त्या मोठ्या गंजापाशी बसले होते, सगळ्यांकडे पाठ करून. केस उभी राहिल्यापासून भगवंतांनी बसायला कायम अशीच जागा शोधली होती, जिथून माणसं दिसत नाहीत. मधोमध खुर्चीवर समाजाचे अध्यक्ष नत्थुजी विराजमान होते. समाजात कोणाचं लग्न मोडलं, बांध सरकला, पोरगी पळाली, की नत्थुजी तिथं जायचे आणि 'घरचं घरात राहू द्या' एवढं सांगून जेवून यायचे.

साधना आत्या मोरपंखी जरीची साडी नेसून आली होती. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. नवरा सुटून येणार म्हणून काकांनीच तो सकाळी बाजारातून भरवून आणला होता. आत्यानं मंजुषाकडे पाहिलं नाही. सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. अकोल्याच्या कोर्टात ती आरोपीच्या बाजूनं उभी राहिली होती आणि 'माहे मालक तसे नाहीत' एवढंच वाक्य तीनदा बोलून खाली उतरली होती.

"पाहा नत्थुजी," काकांनी खुर्ची पुढं ओढली. आमंत्रितांना कायदा समजावल्याशिवाय जेवू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत दिसत होता. "फौजदारी मॅटर आहे. पुरावा लागते. इथं काय आहे? एका पोरीचं तोंड. डॉक्टरच्या कागदात मार नाही, जखम नाही. शेजारपाजारच्यानं काही आयकलं नाही. नुसत्या तोंडावर मानूस दहा वर्षं आत?"

"जिभेले हाड नसते," नत्थुजींनी मत दिलं.

मंजुषा आईशेजारी बसली आणि तिनं एक गोळा हातात घेतला. "काका, तुमची विहिरीवरची मोटर चोरीले गेली होती ना? ठाण्यात कोण गेलं होतं?"

"मीच गेलो होतो."

"एकटेच? साक्षीदार?"

"मोटर माही होती, मी सांगन नाही तं कोण सांगन?"

"पोलिसानं म्हटलं का, गोपालराव, हे नुसतं तुमचं तोंड आहे, विहिरीले कुठं जखम दिसत नाही?"

"थे मोटरीची गोष्ट वेगळी आहे बाई."

"होय ना. मोटरीवर सगळ्यायचा भरोसा असते."

पार्बताबाईच्या खांद्याला हसू आलं, तोंडाला नाही. काकांनी घसा साफ केला आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मुद्दे त्यांना पाठ होते. चंदनच्या वकिलानं अपिलात जे लिहिलं होतं त्याची झेरॉक्स त्यांनी इतक्यांदा वाचली होती की आपणच ते लिहिलं, असं आता त्यांना वाटू लागलं होतं.

मंजुषानंही ते सगळं ऐकलं होतं. महिनाभरापूर्वी अपिलाची सुनावणी झाली तेव्हा ती नागपूरला गेली होती. आदल्या रात्री तिला झोप आली नव्हती. पुन्हा पिंजऱ्यात उभं करतील, पुन्हा तेच विचारतील, अकोल्यासारखंच कोणीतरी 'मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही' म्हणेल. नीलमनं तिला कोर्टाच्या दारात सांगितलं, "तुले कोणी काही विचारणार नाही. अपिलात साक्षीदार नसते, साक्षीचे कागद असते. तू जे अकोल्यात बोलली तेच वाचून ठरवतात." आणि तसंच झालं. ती मागच्या बाकावर बसली होती आणि पुढं दोन वकील तिच्याबद्दल बोलत होते. एखाद्या मेलेल्या माणसाच्या मृत्युपत्रावर बोलावं तसं. तिला चारदा वाटलं हात वर करावा आणि सांगावं, अहो, मी इथं आहे, मलाच विचारा. कॉलेजसाठी ती अकोल्याला आत्याच्याच घरी राहायची, आणि आत्या एका लग्नाला गेली असताना हे तिथंच घडलं होतं. सुनावणीतला जवळजवळ अर्धा वेळ तर आत्याच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमध्ये गेला. पोलिसांना दिलेल्या जबाबात मंजुषा 'ट्यूब चालू होती' असं बोलली नव्हती, कोर्टात बोलली होती. म्हणजे ट्यूब नंतर लागली. म्हणजे पोरगी खोटी. त्या ट्यूबचं एवढं नाव आत्यानं ती बसवली तेव्हाही निघालं नसेल.

"अन् मेन मुद्दा," काका आता उभे राहिले. "उशीर! घटना झाली, अन् तक्रार आठ दिवसानं. आठ दिवस बाई काय करून राहिली होती? माह्या करिश्माच्या साखरपुड्यात फिरून राहिली होती! फोटो आहे. हसून राहिली फोटोत. थो फोटो कोर्टात लागला आहे."

"फोटो कोणाच्या अल्बमातला आहे काका?"

"कोणाच्याही अल्बमातला असो."

"नाही, सांगा ना. नत्थुजीले माईत नसन."

अल्बम काकांच्याच घरचा होता. मंजुषाला ते कोणी सांगायची गरज नव्हती. त्या आठवड्यात अकोल्याहून ती पळत बार्शीटाकळीला आली, आईच्या गळ्यात पडून सगळं सांगितलं, आणि आईनं काकांना फोन केला. हीच चूक झाली. काका तासाभरात गाडी करून आले. हात जोडले. "साखरपुडा होऊन जाऊ द्या वहिनी, पाहुणे मोठे आहेत, मंग तुमी म्हणसान तसं करू." मंजुषाला त्यांनी अमरावतीला आणून ठेवलं, तिचा फोन काकूच्या कपाटात गेला, आणि साखरपुड्याला तिला गुलाबी साडी नेसवून करिश्माच्या शेजारी उभं केलं. फोटोवाला म्हणाला, ताई हसा. ती हसली. फोटोवाला तीनदा म्हणाला तेव्हा हसली, पण ते फोटोत दिसत नाही.

"थे वांगे करपून राहिले," भगवंत गंजाकडे पाहत म्हणाले. ते करपत नव्हते.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. चंदनच्या वकिलाचा होता. नत्थुजींनी तोंडातला शेंगदाणाही चावला नाही. साधना आत्या उठून उभी राहिली.

"हॅलो, बोला साहेब! ... काय? आवाज कटून राहिला... पार्टली? पार्टली काय? अलाउड? अलाउड!" काकांनी फोन वर उचलला. "अपील अलाउड! मी म्हणत नव्हतो?"

पलीकडून वकील आणखी काही सांगत होता. पण काकांचा हात वर होता आणि फोन हवेत होता, त्यामुळे ते वाक्य झेंडूच्या वाफ्यांनी ऐकलं. मग लाइन तुटली.

"बजरंगबलीची जय!" नत्थुजी ओरडले. पेढ्यांचा बॉक्स आधीच आणून ठेवलेला होता, तो फुटला. साधना आत्या खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. काकांनी पहिला पेढा मारुतीला ठेवला, दुसरा नत्थुजींना दिला आणि तिसरा घेऊन मंजुषासमोर आले.

"घेय बाई. मनात काही ठेवू नको."

मंजुषानं पेढा घेतला. तिला तो दिसत होता, पण हातात काही आहे असं जाणवत नव्हतं. सहा वर्षं, अकोल्याच्या चकरा, दोन दिवस पिंजऱ्यात, ती डॉक्टरीण, ते प्रश्न. सगळं धुऊन निघालं. आता उद्यापासून ती खोटारडी. कागदोपत्री. तिनं आईकडे पाहिलं. पार्बताबाईच्या हातातला गोळा दाबता दाबता पार पोळीसारखा झाला होता आणि ती अजून दाबतच होती.

"आता आत्याच्या पाया पड," नत्थुजी पेढा संपवत म्हणाले. "मोठी आहे. अन् जावई आले का त्यायच्याही. लेकरं चुकतात, मोठे पोटात घालतात. घरचं घरात..."

मंजुषाचा फोन वाजला. नीलम. तिनं कानाला लावला.

"मंजू? आयकून राहिली का? शिक्षा कायम!" नीलम कोर्टाच्या कॉरिडॉरमधून ओरडत होती. "दहाची दहा! धमकीचं जे वेगळं कलम होतं, थे तेवढं उडवलं, म्हणून 'अंशतः मंजूर' म्हणतात. मेन कलमाले हातही नाही लावला. निकाल पाठवला पाहा मी, उघड."

मंजुषानं पेढा आईच्या परातीच्या काठावर ठेवला. फोनवर निकाल उघडला. बत्तीस पानं, इंग्रजी. तिला वाचता आलं असतं. पण तिनं उठून फोन काकांच्या हातात दिला.

"काका, कचेरीत तुमचं इंग्रजी सगळ्यात चांगलं होतं ना? वाचा. सगळ्यायले समजन असं सांगा."

काकांना तेवढंच हवं होतं. चष्मा नाकावर आला, गर्दी भोवती झाली. "पाहा, इथंच लिहिलं, 'पार्टली अलाउड'... धमकीच्या कलमातून निर्दोष... वा! ... अन्..." पुढं त्यांचा आवाज जरा खाली आला. "कलम तीनशे शहात्तरची शिक्षा... मेन्टेन..."

"मंजे?" नत्थुजींनी विचारलं.

"मंजे... कायम."

"मंजे सुटले का नाही?"

"थोडेसे सुटले," काका म्हणाले.

नत्थुजींनी दुसऱ्या पेढ्यासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. आत्यानं पदर खाली केला.

"पुढचं वाचा ना भाऊजी," पार्बताबाई कणीक चोळत म्हणाली. "कोर्टानं कारण लिहिलं असन."

काका वाचू लागले. वाचलं नाही तर पोरगी वाचेल, हे त्यांना कळत होतं. एकटीची साक्ष असली तरी ती भरवशाची वाटली तर पुरते, दुसरा आधार मागायलाच पाहिजे असं नाही. ट्यूबलाइटसारखा फरक खऱ्या माणसाच्या बोलण्यात पडतोच. मुख्य गोष्टीत ती पोलिसांपुढं, डॉक्टरपुढं आणि कोर्टापुढं एकच बोलली आहे. जखम नाही म्हणजे संमती होती असं होत नाही. फोटोतल्या हसण्यावरून मनातलं ठरत नाही. काका एकेक वाक्य जणू दुसऱ्याच्या ताटातलं कारलं खावं तसं गिळत होते.

"अन् उशीर?" मंजुषानं विचारलं. "मेन मुद्दा?"

काकांनी पान भराभर सरकवलं. मग थांबले. चष्मा काढून पुसला.

"मोठ्यानं, गोपालराव," नत्थुजी म्हणाले. त्यांचा आवाज आता निराळा होता. वारा कुठून वाहतो हे त्यांना इतरांच्या जरा आधी कळायचं.

"लिहिलं आहे का... पीडितेच्या आईनं उलटतपासणीत सांगितलं..." काका अडखळले, "का तक्रार द्याले निघालो होतो, पण पीडितेच्या काकानं हात जोडून थांबवलं, पोरगी आपल्या घरी नेऊन ठेवली, फोन काढून घेतला... कोर्ट म्हणते, उशीर पीडितेनं केला नाही. ज्या घरानं तिले थांबवलं त्याच घरच्या जावयानं उशीर झाला म्हणून अपील कराव, हे... हे आश्चर्यकारक आहे."

निकालात नाव नव्हतं. पीडितेची ओळख पटू नये म्हणून कोर्टानं घरच्यांचीही नावं गाळली होती. पण काका एकच होता.

नत्थुजींनी आपली खुर्ची काकांपासून वीतभर लांब सरकवली. समाजानं एखाद्याला वाळीत टाकायची ही पहिली पायरी असते.

"धमकी काहून उडवली?" आत्याचा आवाज होता. त्या दिवसातलं तिचं पहिलं वाक्य. सगळ्यांनी वळून पाहिलं.

काकांना सुटका मिळाल्यासारखं झालं. "हां, थे पाहा, तथं कोर्टानं आपलं आयकलं. पोरीनं कोर्टात सांगितलं का जावई म्हणले, 'कोणाले सांगितलं तं तुह्या आत्याची पेटी रस्त्यावर फेकीन.' पण हे ठाण्यातल्या जबाबात नाही. दुसरा काही आधारही नाही. म्हणून तेवढ्यापुरता संशयाचा फायदा. दिसलं ना? वाढवून सांगते पोरगी."

मंजुषाला राग यायला हवा होता. पण हा परिच्छेद ऐकताना तिला फक्त ठाण्यातलं बाक आठवलं. तिनं ते वाक्य हवालदारीणबाईला सांगितलं नव्हतं कारण ते बोललं तर आत्याचे हाल सगळ्या अकोल्याला कळले असते. आत्यानं तिला दोन वर्षं जेवू घातलं होतं. तेवढं झाकायला गेली आणि नेमकं तेवढंच खोटं ठरलं.

"थे खरं आहे," आत्या म्हणाली.

"काय खरं आहे?"

"पेटीचं. मी लग्नाहून आली त्या रातच्याले मलेही तेच म्हणे. पोट्टी काही बोलली तं ध्यान ठेव, तुही पेटी बाहेर. मी म्हटलं, काय बोलन? तं म्हणे, काहीही बोलन." आत्या मंजुषाकडे पाहत होती, सहा वर्षांत पहिल्यांदा. "मले तवाच समजलं होतं व बाई."

जवळ जावं असं मंजुषाला वाटलं नाही. आत्याला तशी आशा असावी, कारण तिचा एक हात पुढं आला होता. "मले नको सांगू आत्या," ती म्हणाली. "मले माईतच आहे. ज्यायले माईत नाही त्यायले सांग."

काका मधे पडले. कचेरीतल्या खिडकीमागून विचारावं तसं त्यांनी बहिणीला विचारलं, "मंग इतके वर्षं काहून नाही बोलली? कोर्टात तं वेगळंच बोलली. आता एकदम कशी काय आठवली तुले पेटी?"

आरातली एक गोवरी फुटली. काकांना आपण काय विचारलं ते बहुतेक उमगलं नव्हतं. आत्याला मात्र उमगलं. ती हसली. हसू चांगलं नव्हतं.

"दादा, बोलली ना मी. पहिले तुमालेच बोलली. करिश्माच्या साखरपुड्यात, आचारी बसले होते तथं मागं. म्हटलं, दादा, पोरगी खरं बोलून राहिली, मले यायच्याजवळ परत धाडू नका. तुमी म्हणले, पाहुणे जेवून राहिले, मंग बोलू."

"मी? कवा? मले नाही आठवत..."

"मंग कवा बोलाचं म्हणून मी वाट पाहिली." आत्यानं एका हातानं दुसऱ्या हातातला चुडा मागं सारला, काचेच्या बांगड्या कोपरावर दाटल्या. "आज पाहुणे तेच आहेत. जेवणही आहे. मंग आजच बोलते."

"साधने, गप बैस, लोक आहेत," काका म्हणाले आणि उठले. "मारुतीले नैवेद्य राहिला. दाखवून येतो मी."

पार्बताबाईनं हातातली कणीक परातीत टाकली आणि पदराला हात पुसून मांडी घातली.

"देव थांबते भाऊजी, त्याले सवय आहे," ती म्हणाली. "बसा."

काकांनी नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजी आत्याकडे पाहत होते, कान देऊन. भगवंत गंजात पळी फिरवत होते.

काका बसले. आत्यानं लग्नाहून परतलेल्या त्या रात्रीपासून सुरुवात केली.